पानिपतची संक्रांत



चंडीगडच्या जानेवारीत दुपारपर्यंत सूर्य दिसला तर नशीब. १३ तारखेला संध्याकाळी युनिटमध्ये लोहडी पेटली. रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा, तीळ आगीत पडले, ढोल वाजला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं-चौघं पानिपतला निघालो. इथे पोस्टिंग मिळाल्यापासून ठरवलं होतं की १४ जानेवारीला काला अंबला जायचंच. अंबाला, कर्नाल, पानिपत असं सुमारे १६० किलोमीटरचं अंतर, पण धुक्यात चार तास लागले.

काला अंबच्या स्मारकावर त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं आलेली असतात. हरियाणातला रोड समाजही येतो. ते स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. भगवे फेटे, 'हर हर महादेव'च्या घोषणा, आणि आजूबाजूला सगळी हरियाणवी बोली. पोटात काहीतरी हलतं, खोटं कशाला बोला. तिथे एक आजोबा नातवाला सांगत होते, "संक्रांतीच्या दिवशी आपली दीड पिढी इथे कापली गेली." माझी आजीही हेच सांगायची. तिळगूळ हातावर ठेवताना तिच्या तोंडून पानिपतचं नाव हमखास निघायचं. संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार पानिपतावरूनच आला, असं सांगणारेही मला आयुष्यात बरेच भेटले.

परतीच्या वाटेवर आमचे सुभेदार साहेब बरोबर होते. शीख, मुक्तसरकडचे. त्यांनी सहज विचारलं, "साहब, तुमची लढाई आणि आमची माघी एकाच दिवशी?" मी म्हटलं, "हो, संक्रांतच होती ना." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण खालसा पंथाची स्थापना झाली ती वैसाखी मार्चच्या शेवटी होती असं आमचे ग्रंथी सांगतात. आता ती १३-१४ एप्रिलला येते. वैसाखी सरकली, तर माघीही सरकली असणार की नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशा, होकायंत्र आणि तारे यांच्यावर ज्याची अर्धी नोकरी गेली त्याला हा प्रश्न एका सुभेदाराने विचारावा लागला, याची लाज वाटली. पुढचे आठ-दहा दिवस रात्री वही घेऊन बसलो. त्यातून जे निघालं ते आज मांडतो.

आधी लढाईची तारीख पक्की करू. पानिपतचा दिवस म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रम नाम संवत्सर, बुधवार. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. इंग्लंडने १७५२ साली जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घेतलं होतं, त्यामुळे ही १४ जानेवारी आजच्याच मोजणीतली आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि इकडे उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्यांची नावं वेगळी पडतात. पण शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखाच. म्हणून पौष शुद्ध अष्टमी पुण्यातही तीच आणि पानिपतातही तीच.

ही तारीख आपल्याला तपासून पाहता येते, आणि हे आपल्या जुन्या ज्योतिषाचं मोठं देणं आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या १२ अंशांच्या अंतराचा एक टप्पा. चंद्राचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. आजच्या एखाद्या माहीत असलेल्या अमावास्येपासून मागे मोजत गेलो की जानेवारी १७६१ची अमावास्या ६ तारखेच्या आसपास येते. तिथून मोजलं की १४ तारखेला अष्टमी येते, आणि वार बुधवारच येतो. तिथी, वार आणि इंग्रजी तारीख या तीन साक्षीदारांची जबानी जुळली. याबद्दल शंका नको.

आता संक्रांत. संक्रांत तिथीवर चालत नाही, ती सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण म्हणजे मकरसंक्रांत. म्हणून दिवाळी, गणपती इंग्रजी तारखांमध्ये पुढेमागे उड्या मारतात आणि संक्रांत जवळपास एका जागी उभी दिसते. पण ती उभी नाही. ती अगदी हळू चालते आहे.

पेशवाईत महाराष्ट्रातली पंचांगं प्रामुख्याने 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून करत. तो कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ.स. १५२०च्या सुमारास लिहिला. मोठमोठे आकडे न मांडता ग्रहांची स्थिती काढता यावी अशी सोपी रीत त्यांनी दिली, म्हणून गावोगावच्या जोशांनी तो उचलला. त्यातलं वर्षाचं माप सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतलं : ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे आणि वर काही विपळे. आजच्या घड्याळात ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं आणि ३६ सेकंद. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्याला एक फेरी पुरी करायला खरोखर ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं, १० सेकंद लागतात. म्हणजे दुर्बीण नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ नाही, आणि चूक वर्षाला जेमतेम साडेतीन मिनिटांची. एका तोफखान्याच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढी अचूकता मला आमच्या पहिल्या गोळ्यात दे."

पण आपण भिंतीवर लावतो ते इंग्रजी कॅलेंडर ताऱ्यांवर नाही, ऋतूंवर बसवलेलं आहे. त्याचं सरासरी वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटं, १२ सेकंदांचं. दोन्हींत फरक वर्षाला २३ मिनिटं २४ सेकंद. साठ-एकसष्ट वर्षांत एक पूर्ण दिवस. १७६१ पासून आजवर २६० वर्षांहून जास्त झाली, म्हणजे चार दिवसांहून थोडं अधिक.

सूर्यसिद्धान्ताच्या रीतीने मांडणी केली तर १७६१ची मकरसंक्रांत येते १० जानेवारीला, शनिवारी, सूर्योदयाच्या सुमारास. आजच्या अचूक गणिताने मागे गेलो तरी दिवस १० जानेवारीच येतो, फक्त वेळ दुपारनंतरची. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. किंक्रांतसुद्धा होऊन गेली होती.

कुणाला वाटेल की हा वहीतला हिशेब, याला पुरावा काय? पुरावा आपल्या सगळ्यांना पाठ आहे, फक्त त्या नजरेने आपण पाहत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. १७६१ला १० तारीख, १८६३ला १२, आज १४ किंवा १५. एका सरळ रेषेत तीन खुंट्या. २०२३ आणि २०२४ साली आपण १५ जानेवारीला तिळगूळ वाटला, आठवून पाहा. संक्रांत दरवर्षी साधारण सहा तास पुढे जाते आणि लीप वर्ष तिला एक दिवस मागे ओढतं, म्हणून ती १४ आणि १५च्या मध्ये हेलकावे खात हळूहळू पुढे चालली आहे. सुभेदार साहेबांचा हिशेबही बरोबर निघाला. १६९९ची वैसाखी जुन्या ज्युलियन मोजणीत मार्चच्या अखेरीस होती. आजच्या मोजणीत ती ८-९ एप्रिलला येते. त्यातही चार-पाच दिवसांचा तोच फरक.

फौजी वाचकांना हे एका वाक्यात समजेल. नकाशाच्या तळाला आपण मॅग्नेटिक व्हेरिएशन वाचतो, नकाशा कोणत्या साली छापला ते पाहतो, आणि दरवर्षीचा बदल त्यात मिळवतो. वीस वर्षांपूर्वीचा नकाशा दुरुस्ती न करता वापरला तर नकाशाही खरा असतो, होकायंत्रही खरं असतं, आणि पेट्रोल मात्र चुकीच्या नाल्यात उतरतं. संक्रांतीचं तसंच आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एक डुलणं पुरं व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांच्यात दरवर्षी वीस मिनिटांची फट पडते. दीड-एक हजार वर्षांत ती फट तीन आठवड्यांवर गेली. खरं उत्तरायण, म्हणजे दिवस मोठा होऊ लागण्याची वेळ, २१-२२ डिसेंबरलाच येऊन जाते. आपण ते संक्रांतीला साजरं करतो.

आपले जुने आचार्य या फटीबद्दल अंधारात नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त नोंदवलं आहे की जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलं आहे, पण आपल्या काळात ते मकरेच्या आरंभी होतं. आणि शंका असेल तर प्रत्यक्ष पाहून खात्री करा, असंही तो सांगतो. परंपरेत लिहिलं आहे म्हणून सूर्य तिथे नसतो, सूर्य आहे तिथे परंपरेने जायचं, हा त्याचा आग्रह होता. तो आग्रह पुढे ढिला पडला.

महाराष्ट्रात तो पुन्हा धरला गेला एकोणिसाव्या शतकात. केरूनाना छत्रे यांनी आधुनिक गणितावर पंचांग सुरू केलं. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीची चळवळ चालवली. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरायचा की चित्रेच्या समोरून, यावर मोठे वाद झाले. टिळक पंचांग आजही निघतं आणि त्यात संक्रांत इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार दिवस आधी येते. (१७६१च्या १० जानेवारीशी याचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग.) पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. रत्नागिरीकडच्या मुरुडचे, पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, मराठीत. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळातल्या पंचांगांपर्यंत सगळं त्यांनी तपासून मांडलं. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर केलेलं 'द इंडियन कॅलेंडर' आलं, ज्यातल्या कोष्टकांवरून जुन्या शिलालेखांच्या आणि पत्रांच्या तिथी आजच्या तारखांत बदलता येतात. दोनच वर्षांनी, १८९८ साली, ते गेले. वय चव्वेचाळीस, म्हणजे आज माझं आहे तेवढं. त्याच १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ची, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. एकाने पत्रं वाचवली, दुसऱ्याने त्या पत्रांवरच्या तिथी वाचायची किल्ली दिली.

सरकारी पातळीवरही प्रयत्न झाला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती ऋतूंवर बसवलेली आहे, सरकत नाही. राजपत्रावर तिची तारीख छापतात. तुमच्या घरात ती कुणी वापरतं का, हे मी विचारणार नाही. पंजाबातही तेच घडलं. २००३ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने पालसिंग पुरेवाल यांचं नानकशाही कॅलेंडर स्वीकारलं. त्यात वैसाखी १४ एप्रिलला कायमची बांधली. २०१० साली त्यात बदल झाले आणि संगरांद, म्हणजे आपली संक्रांत, पुन्हा जुन्या रीतीवर गेली. यावर आमच्या युनिटच्या लंगरमध्येसुद्धा दोन तट आहेत. माणसाला बरोबर तारखेपेक्षा आजीने सांगितलेली तारीख प्रिय असते, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू?

मग चार दिवसांसाठी एवढा आटापिटा का? कारण आपण पानिपतच्या पराभवाचं कारण या एका शब्दावर टांगून ठेवलं आहे. पंचांगात संक्रांतीचं वर्णन असतं. ती कशावर बसून आली, कोणतं वस्त्र नेसली, कोणत्या दिशेला पाहते. ती पाहील तिकडे पीडा, असा समज. 'संक्रांत आली' म्हटलं की विषय संपतो. कुणी चुकलं नाही, काही टळण्यासारखं नव्हतं, आकाशातून आलं आणि आपल्यावर पडलं.

काही जण याला शास्त्राचा आधार देतात. उत्तरायणाचा दिवस, दक्षिणेकडे तोंड करून लढणारे मराठे, आणि सूर्य डोळ्यांवर. सूर्याचं गणित करून पाहिलं. १४ जानेवारीला पानिपतात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३९ अंश वर असतो आणि दिवस सुमारे साडेदहा तासांचा. चार दिवस आधी लढाई झाली असती तर सूर्य एका अंशानेही वेगळा नसता. तो खाली होता, कारण महिना जानेवारीचा होता. दक्षिणेकडे तोंड करून लढणाऱ्याच्या डोळ्यांवर तो येणारच, संक्रांत असो वा नसो. आणि तोंड दक्षिणेकडे होतं, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये येऊन बसला होता. तो नदी उतरत असताना आपली फौज कुंजपुरा घेऊन वर उत्तरेत होती. सूर्याची दिशा आकाशाने ठरवली, पण आपल्या तोंडाची दिशा त्या उताराने ठरवली.

चंद्राचंही पाहिलं. कोणत्याही रात्रीच्या कारवाईच्या आखणीत आम्ही पहिल्यांदा लिहितो ते लास्ट लाइट, चंद्रोदय, चंद्रास्त. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्यास्ताला डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो. म्हणजे फळी फुटल्यावर जे पळाले त्यांना वाट दिसत होती, आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्यांनाही. अंधार त्यांच्या मदतीला आला नाही. काळोखी रात्र आठ दिवसांपूर्वीच, अमावास्येला, होऊन गेली होती. ती वापरता आली असती का, हे मी इथे खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. अडीच महिने कोंडलेली छावणी, लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची भली मोठी संख्या, तीर्थयात्रेला आलेली कुटुंबं, उपाशी घोडे. अशा लवाजम्यासह काळोखात गुपचूप निघणं कोणत्या सेनापतीला जमलं असतं, मला माहीत नाही. पण हे प्रश्न रसदेचे, वेळेचे आणि निर्णयांचे आहेत. राशीचे नाहीत.

खडकवासल्याला आम्हाला लढाईचा अहवाल लिहायला शिकवलं. पहिली ओळ तारीख आणि वेळ. ती चुकली की पुढची सगळी कारणमीमांसा घसरते. पानिपतच्या आपल्या घरगुती अहवालात पहिली ओळच चार दिवसांनी चुकलेली आहे, आणि त्या चुकीतून आलेलं कारण आपण अडीचशे वर्षांच्या पार उचलून धरलं आहे. भाऊसाहेब, विश्वासराव आणि त्यांच्याबरोबर पडलेली माणसं ग्रहदशेने मेली असं म्हणणं म्हणजे त्यांचं लढणं कमी करणं. ती माणसं उपाशीपोटी, सकाळपासून दुपार कलेपर्यंत लढली. त्यांना आकाशाच्या हवाली करू नये.

गंमत अशी की त्यांना या सुटकेची वाट देणारं आणि ती वाट बंद करणारं शास्त्र एकच आहे. वराहमिहिराच्या, गणेश दैवज्ञांच्या आणि दीक्षित मास्तरांच्या गणितानेच आपल्याला कळतं की त्या बुधवारी संक्रांत नव्हती. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर त्यांच्या निष्कर्षांइतकाच त्यांच्या तपासण्याचाही बाळगायला हवा.

वही घेऊन सुभेदार साहेबांकडे गेलो. १० जानेवारी, शनिवार, असं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बेरजा पाहिल्या आणि म्हणाले, "मग पुढच्या वर्षी कधी जायचं साहब, दहाला की चौदाला?"

चौदालाच. लढाई चौदालाच झाली. तिळगुळाचा डबा मात्र ह्या वेळी गाडीत ठेवणार आहे, काला अंबवरच्या त्या रोड मंडळींसाठी. आणि कुणी नातवाला संक्रांतीची गोष्ट सांगताना दिसलं, तर शेजारी बसून विवेकानंदांची जन्मतारीख विचारणार आहे.